वेबसाईटला एचटीटीपीएस लावलं म्हणजे काम संपलं? या चुका टाळा

डिसेंबरचे दिवस, आंबिया बहाराची संत्री बाजारात आलेली. सकाळी साडेसातलाच नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका मिठाईवाल्या काकांचा फोन आला. त्यांच्या साईटचं काम मी बघतो. "भाऊ, आपली साईट हॅक झाली का? लोकं फोटो पाठवून राहिले." पुण्याच्या एका गिऱ्हाईकाने पाठवलेल्या फोटोत लाल चिन्ह होतं आणि खाली लिहिलेलं, 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही'. संत्रा बर्फीच्या ऑर्डरी रात्रीपासून बंद पडल्या होत्या.

साईट हॅक झाली नव्हती. एचटीटीपीएस म्हणजे गिऱ्हाईक आणि साईट यांच्यातली माहिती एन्क्रिप्ट करून, कुणाला वाचता येणार नाही अशी झाकून नेण्याची पद्धत. त्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत रात्री संपली होती. खरं दुखणं तर पुढेच होतं. नवं प्रमाणपत्र महिनाभर आधीच आपोआप येऊन सर्व्हरवर, म्हणजे साईट जिथून चालते त्या कॉम्प्युटरवर, पडलेलं होतं, पण ते वाचायला सर्व्हरला कुणी सांगितलंच नव्हतं. तो जुनंच प्रमाणपत्र दाखवत बसला. सेटिंग्ज नव्याने वाचायला लावणारा एक रीलोड दिला आणि दोन मिनिटांत साईट उघडली. गेलेल्या ऑर्डरी मात्र गेल्या.

नूतनीकरण 'आपोआप होतं' यावर विसंबणं

लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं मोफत प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं आणि साधारण शेवटचे ३० दिवस उरले की सर्टबॉटसारखं साधन नवं आणतं. नवं आल्यावर सर्व्हर रीलोड करण्याची आज्ञा त्याच साधनात जोडून ठेवावी लागते. ती राहून जाते. पूर्वी मुदत संपण्याआधी ईमेल यायचा. जून २०२५ पासून लेट्स एन्क्रिप्टने तोही बंद केला. तसंही, बऱ्याच दुकानांचा तो ईमेल साईट बनवून दुसऱ्या शहरात गेलेल्या मुलाच्या नावावर असतो.

पैसे भरून घेतलेल्या प्रमाणपत्रांची मुदतही कमी होत चालली आहे. १५ मार्च २०२६ पासून कमाल मुदत २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस असं वेळापत्रक ठरलेलं आहे. वर्षातून एकदा हाताने बदलण्याची सवय आताच मोडायला हवी.

"आमच्या साईटवर पेमेंट होतच नाही"

मग एचटीटीपीएस कशाला, असा याचा अर्थ. गांधीबाग, इतवारीत हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकतो आणि सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. चौकशीच्या फॉर्ममध्ये गिऱ्हाईक नाव, मोबाईल, पत्ता लिहितं. साध्या एचटीटीपीवर, म्हणजे एन्क्रिप्शन नसलेल्या पत्त्यावर, हे सगळं पोस्टकार्डासारखं उघडं जातं. धरमपेठेतल्या एखाद्या कॅफेच्या वायफायवर मध्ये बसलेला माणूस ते वाचू शकतो.

वाचण्यापेक्षाही मोठा धोका बदलण्याचा. तुमच्या पानावर यूपीआयचा क्यूआर कोड आहे, किंवा पेमेंट गेटवेकडे, म्हणजे ऑनलाईन पैसे घेणाऱ्या सेवेकडे, नेणारं बटण आहे. गेटवे स्वतः कितीही सुरक्षित असो, त्याच्याकडे नेणारं तुमचं पान उघडं असेल तर वाटेतच क्यूआर बदलता येतो. गिऱ्हाईक पैसे भरतं, ते तिसऱ्याच खात्यात जातात, आणि भांडण तुमच्या काउंटरवर येतं. एचटीटीपीएसमागचं टीएलएस हे तंत्र मजकूर झाकतं, आणि वाटेत कुणी अक्षर जरी बदललं तरी ब्राउझरला ते कळतं.

शिवाय जुलै २०१८ पासून क्रोम प्रत्येक एचटीटीपी साईटला 'सुरक्षित नाही' म्हणतं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. छोट्या दुकानाला एवढा दंड होईल असं मी म्हणत नाही, पण गिऱ्हाईकाची माहिती जपणं ही या कायद्याने आपल्यावर टाकलेली जबाबदारी आहे.

अर्धवट लावलेलं कुलूप

प्रमाणपत्र बसवलं, पण जुना एचटीटीपी पत्ता तसाच उघडा ठेवला, हे फार दिसतं. व्हिजिटिंग कार्डावर, गूगल मॅप्सवर तोच जुना पत्ता असतो. सगळी पानं ३०१ ने, म्हणजे पत्ता कायमचा बदलल्याच्या निरोपाने, नव्या पत्त्याकडे वळवा. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय, दोन्ही नावं प्रमाणपत्रात हवीत. मग एचएसटीएस, म्हणजे 'ही साईट फक्त एचटीटीपीएसनेच उघड' अशी ब्राउझरला दिलेली सूचना लावा, पण सुरुवातीला पाच मिनिटांसाठीच. सबडोमेनचा, म्हणजे साईटच्या नावाआधी शब्द जोडून बनवलेल्या पत्त्यांचा, पर्याय घाईने चालू केला आणि ऑफिसचं बिलिंग एखाद्या साध्या एचटीटीपी सबडोमेनवर असलं, तर ते बंद पडतं. सगळं नीट चालतंय याची खात्री झाली की मुदत वर्षभराची करा.

पान सुरक्षित, पण आतली स्क्रिप्ट, म्हणजे पानातला चालणारा कोड, एचटीटीपीवरून येत असेल तर ब्राउझर ती अडवतो. मग स्लायडर हलत नाही, कार्ट उघडत नाही. साईट वर्डप्रेसवर बनवलेली असेल तर जुने एचटीटीपी पत्ते बदलायला डेटाबेसमध्ये थेट 'शोधा आणि बदला' करू नका. त्यातल्या काही नोंदींसोबत अक्षरांची संख्या साठवलेली असते. पत्ता एका अक्षराने वाढला की ती संख्या चुकते आणि सेटिंग्ज उडतात. याच कामासाठी बनवलेलं प्लगइन वापरा, त्याआधी बॅकअप घ्या.

क्लाउडफ्लेअर ही गिऱ्हाईक आणि तुमचा सर्व्हर यांच्या मध्ये बसणारी सेवा. तिचा 'फ्लेक्सिबल' पर्याय मला अजिबात पटत नाही. त्यात गिऱ्हाईकापासून क्लाउडफ्लेअरपर्यंतच एन्क्रिप्शन असतं, पुढे तुमच्या सर्व्हरपर्यंत सगळं उघडं. वर सर्व्हरनेही एचटीटीपीएसकडे वळवलं की साईट गोल गोल फिरत राहते आणि 'खूप जास्त रीडायरेक्ट' अशी चूक दिसते. सर्व्हरवर प्रमाणपत्र बसवा आणि 'फुल स्ट्रिक्ट' निवडा.

"माझ्या कॉम्प्युटरवर चालतं, काही फोनवर चालत नाही" अशी तक्रार आली तर बहुतेक वेळा मधल्या साखळीचं प्रमाणपत्र, म्हणजे तुमचं प्रमाणपत्र ब्राउझरच्या विश्वासातल्या संस्थेशी जोडणारा दुवा, बसवायचं राहिलेलं असतं. फक्त स्वतःचं प्रमाणपत्र न देता पूर्ण साखळीची फाईल सर्व्हरला द्या.

प्रायव्हेट की व्हॉट्सॲपवर

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. साईटच्या ग्रुपवर, वीस जणांत, प्रायव्हेट की ची, म्हणजे प्रमाणपत्राच्या गुप्त किल्लीची, फाईल टाकलेली. मेसेज डिलीट करून भागत नाही. नवी की बनवा, नवं प्रमाणपत्र घ्या आणि जुनं रद्द करा.

काकांच्या गल्ल्यामागच्या कॅलेंडरवर आता दर महिन्याच्या १ तारखेला लाल पेनाने 'साईट' लिहिलेलं असतं. त्या दिवशी त्यांची नात वायफाय बंद करून मोबाईल डेटावर साईट उघडते, पत्त्याशेजारचं चिन्ह दाबून प्रमाणपत्राची शेवटची तारीख बघते आणि मला पाठवते. २५ पेक्षा कमी दिवस उरलेले दिसले, तर ती फोन करते.