स्विचमधला डिफॉल्ट विनाकारण चालत होता, तेव्हा

सी भाषेतला एक मेन्यू प्रोग्राम दुरुस्तीला आला होता. वापरणाऱ्याने 'a', 'b' किंवा 'c' टाइप करायचं आणि स्विचने (आलेलं मूल्य पाहून त्याच्याशी जुळणारा भाग, म्हणजे 'केस', चालवणारी रचना) त्याप्रमाणे काम करायचं; हे सगळं लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा. योग्य केस चालत होती, पण लगेच पाठोपाठ 'चुकीचा पर्याय' हा डिफॉल्टमधला (कोणतीच केस जुळली नाही तर चालणाऱ्या भागातला) संदेशही येत होता. सगळ्यांना आधी ब्रेकचाच संशय येतो (ब्रेक स्विचमधून बाहेर काढतो; तो विसरला तर पुढचा भागही चालतो). सगळे ब्रेक जागच्या जागी होते.

मग डिफॉल्टमध्येच एक प्रिंटएफ (छापणारं फंक्शन) घातला आणि आलेलं अक्षर आकड्याच्या रूपात छापलं. उत्तर आलं १०. आस्कीमध्ये (अक्षरांना आकडे देणाऱ्या संकेतात) १० म्हणजे नवी ओळ! एंटर दाबल्यावर ते अक्षर इनपुटमध्ये उरतं आणि लूपच्या पुढच्या फेरीत स्कॅनएफ (इनपुट वाचणारं फंक्शन) तेच उचलतो. पूर्णांक वाचताना (टक्का-डी) स्कॅनएफ आधीची रिकामी जागा आपोआप ओलांडतो, एक अक्षर वाचताना (टक्का-सी) मात्र ओलांडत नाही. स्विच बिचारा बरोबरच वागत होता.

उपाय एका स्पेसचा: फॉरमॅटमध्ये टक्का-सीच्या आधी एक मोकळी जागा सोडली. संदेश थांबला.

अनेकजण यावर एफफ्लश-एसटीडीइन (उरलेलं इनपुट टाकून देण्यासाठी) सुचवतात. ते वापरू नका; इनपुट स्ट्रीमवर एफफ्लशचं वर्तन सी मानकाने ठरवलेलंच नाही, त्यामुळे एका कंपायलरवर चालेल, दुसऱ्यावर नाही. नव्या ओळीसाठी वेगळी केस लिहिणंही मला पटत नाही, त्याने खरं कारण झाकलं जातं. वापरणारा एकाऐवजी चार अक्षरं टाइप करण्याची शक्यता असेल, तर एफगेट्सने पूर्ण ओळ वाचून तिचं पहिलं अक्षर स्विचला द्यावं.