भुसावळहून दीपगृहाचे फोटो काढायला जाताना

लग्नाचे फोटो काढणाऱ्याला पौषात काम नसतं. मुहूर्त नाहीत, स्टुडिओत नुसत्या अल्बमच्या तक्रारी. मी तेव्हा कोकण गाठतो. हवा स्वच्छ असते आणि पावसाची भीती नसते. आपल्या भुसावळहून मंगला एक्सप्रेस गाडी न बदलता थेट रत्नागिरीला नेते. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोबत घ्या, वाटेत कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. पोचण्याचा दिवस मात्र फोटोसाठी धरू नका.

आखणी सूर्यास्तापासून उलटी करा. दीपगृह बहुतेक ठिकाणी दुपारनंतरच पाहायला उघडतात आणि अंधाराच्या आत बंद होतात. वेळ आणि सुट्टी आधी विचारून घ्या. तिकीट किरकोळ असतं, कॅमेऱ्याचं वेगळं पडू शकतं. म्हणजे वर जायचं उजेडात, आणि दिव्याचा खरा फोटो बाहेर येऊन, लांबून. लोक वरून समुद्र टिपतात आणि गेट बंद झालं की हॉटेलवर जातात. तिथेच सगळं हुकतं. एक ध्यानात ठेवा, डिसेंबर-जानेवारीत रत्नागिरीला सूर्य आपल्याकडच्यापेक्षा पंधरा-वीस मिनिटं उशिरा मावळतो.

वर गोल जिना असतो, शेवटी बहुधा उभी शिडी. ट्रायपॉड खालीच ठेवा, कॅमेरा गळ्यात आडवा अडकवा. जुन्या दीपगृहात पाहायची चीज म्हणजे भिंग. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1820च्या दशकात ही रचना आणली: मधे फुगीर काच, तिच्याभोवती काचेच्या कड्यांवर कडी. एवढ्याशा दिव्याचा उजेड ती गोळा करून एका दिशेला फेकते. मधल्या काचेतून पाहिलं तर पलीकडचा माणूस उलटा दिसतो. हा फोटो जरूर घ्या, पण फ्लॅश बंद ठेवून, नाहीतर काचेत तुमचाच फ्लॅश चमकेल. दिवसा खोलीला पडदे असतात, ते उघडायला सांगू नका. लहानपणी आपण भिंगाने कागद जाळायचो, तेच ऊन इथे आतल्या दिव्यावर एकवटेल. ड्रोन तर घरीच ठेवा.

आता बाहेर. रत्नागिरीच्या रत्नदुर्ग किल्ल्यावरचं दीपगृह मूळचं 1867 चं. किल्ला घोड्याच्या नालेसारखा, दिवा एका टेकाडावर, भगवतीचं देऊळ दुसऱ्या. समोरच्या बाजूने मनोरा आणि आकाश एकत्र सापडतं. जागा दिवसा पाहून ठेवा. उजेड असतानाच मनोऱ्याच्या गॅलरीच्या कठड्यावर फोकस करा आणि ऑटोफोकस बंद करा. मग मोबाईलच्या स्टॉपवॉचवर झोत मोजा. प्रत्येक दिव्याचा ठेका वेगळा असतो, खलाशी त्यावरूनच कुठला दिवा ते ओळखतात. दिवसा तेच काम मनोऱ्याचे रंगपट्टे करतात. समजा दहा सेकंदांनी एक झोत येतोय आणि तुम्ही दोन सेकंद शटर उघडलंत, तर पाचातले चार फोटो विझल्या दिव्याचे येतील. शटर एका फेरीहून, म्हणजे एका झोतापासून पुढच्या झोतापर्यंतच्या वेळेहून, थोडं जास्त उघडं ठेवा. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) 200, भिंगाचं छिद्र एफ 8, तिथून कमी-जास्त करत जा. सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटांनी आकाश गडद निळं होतं, तेव्हा काम उरका. पूर्ण काळोखात मनोरा दिसतच नाही, नुसता ठिपका उरतो.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर जयगडचं 1932 चं दीपगृह गाठा, गणपतीपुळ्याच्या पुढेच आहे. अलिबागजवळच्या खांदेरीचं दीपगृहही 1867 चं, शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये घेतलेल्या बेटावर. पण तिथे थळहून होडीने जावं लागतं, परवानगीची चौकशी आधी करा, आणि होडी उजेडातच परतते. त्यामुळे झोताचा फोटो हवा असणाऱ्याने त्याच्या मागे लागू नये.

कॅमेऱ्याचं सांगायचं तर आपल्याकडची कोरडी हवा विसरा. एसी डब्यातून उतरल्या उतरल्या तो बाहेर काढला तर काचेवर दव धरतं. पिशवीतच अर्धा तास राहू द्या. रात्री काचेवर मीठ बसलेलं असतं, ते कोरड्या फडक्याने घासू नका, चरे पडतात. आधी ओलसर फडक्याने टिपून घ्या. आणि परत निघताना बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका, कोकणातला ओलावा बॅगेत राहिला तर कॅमेऱ्याच्या भिंगाला बुरशी धरते.