गोदावरीच्या पाण्यातील विरघळलेल्या धातूंसाठी नमुना कसा घ्यावा

नदीच्या पाण्यातले तांबे, जस्त, शिसे किंवा कॅडमियम लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात मोजतात. एवढ्या अल्प प्रमाणात हाताचा घाम किंवा पुलाच्या कठड्यावरचा गंजसुद्धा आकडा बदलतो. त्यामुळे प्रयोगशाळेतले यंत्र कितीही उत्तम असले, तरी निकाल नदीकाठीच साधतो किंवा बिघडतो, असे माझे ठाम मत आहे.

आदल्या दिवशी पॉलिथिनच्या बाटल्या दहा टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर भिजवाव्यात, अतिशुद्ध पाण्याने अनेकदा विसळाव्यात आणि दुहेरी पिशवीत बंद कराव्यात. रबरी बूच टाळावे, कारण रबरातून जस्त उतरते.

जागा निवडताना नाशिकजवळच्या गंगापूर धरणाखालचे पाणी तुलनेसाठी घ्यावे, तसेच नासर्डी या उपनदीच्या संगमाच्या वर आणि खाली नमुने घ्यावेत. संगमानंतर दोन्ही प्रवाह बराच अंतर काठाकाठाने वेगळे वाहू शकतात, म्हणून खालचा नमुना पात्राच्या रुंदीत तीन ठिकाणी घेणे बरे. नाशिकमधल्या रामकुंड या स्नानाच्या घाटावर तांब्या-पितळेची भांडी सतत बुडत असतात आणि नाणीही पडतात. तिथला तांब्याचा आकडा संपूर्ण नदीचा म्हणून मांडू नये.

पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून उभे राहावे, पायांनी ढवळलेला गाळ मागे जाऊ द्यावा आणि बाटली पृष्ठभागाखाली वीतभर नेऊन तिथेच उघडावी. पावडर नसलेले हातमोजे घातलेल्या दोघांपैकी एकाने फक्त बाटलीला हात लावावा, बाकी सारे दुसऱ्याने हाताळावे.

यानंतरचा क्रम सर्वांत महत्त्वाचा आहे: आधी गाळायचे, मग आम्ल घालायचे. 0.45 मायक्रोमीटरच्या गाळणीतून जे जाते त्याला ‘विरघळलेले’ म्हणतात, पण ही केवळ सोयीची सीमा आहे. लोहाचे आणि सेंद्रिय द्रव्याचे अतिसूक्ष्म कण तिच्यातूनही निसटतात, म्हणून गाळणीचा आकार नोंदवहीत लिहावाच. एका आषाढात, पाणी लालसर गढूळ असताना, वेळ वाचवण्यासाठी मी आधी आम्ल घातले आणि गाळ नंतर काढला. गाळाच्या कणांना चिकटलेले लोह आम्लाने सुटून पाण्यात आले आणि त्या दिवसाचे सारे नमुने वाया गेले. गाळलेल्या पाण्याचा पहिला भाग फेकून द्यावा आणि उरलेल्यात अतिशुद्ध नायट्रिक आम्ल घालून पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, 2 च्या खाली आणावा, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात. पाण्याचे तापमान, पीएच आणि विद्युतवाहकता मात्र आम्ल न घातलेल्या पाण्यात, नदीकाठीच मोजावी. प्रत्येक फेरीत अतिशुद्ध पाणीही याच मार्गाने, त्याच गाळणीतून काढून कोरा नमुना म्हणून ठेवावा; त्यात जस्त सापडले, तर ते नदीचे नाही हे लगेच कळते.

हीच गोदावरी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. खाडीमुखातील नमुन्यांशी तुलना करायची असेल, तर प्रत्येक नमुन्याची क्षारता, म्हणजे खारेपणाही मोजावा. गोड्या पाण्यातले लोहाचे कण खारे पाणी मिसळताच गुठळ्या होऊन खाली बसतात, तर कॅडमियम खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडशी जोडले जाऊन गाळावरून पुन्हा पाण्यात येते. क्षारतेनुसार धातूचे प्रमाण दाखवणाऱ्या आलेखावर नदी आणि समुद्र यांचे बिंदू जोडणाऱ्या सरळ रेषेखाली पडणारे बिंदू धातू वजा झाल्याचे, तर वर पडणारे बिंदू त्यात भर पडल्याचे दाखवतात.