खेळातून शिक्षण : बालवाडीत या चुका टाळा

‘आमच्याकडे सगळं खेळातूनच शिकवतात’ असं हल्ली बऱ्याच बालवाड्यांच्या बोर्डावर लिहिलेलं असतं. आत डोकावलं तर मुलं रांगेत बसून ‘ए फॉर ॲपल’ घोकत असतात, फक्त बाईंच्या हातात रंगीत कार्डं आलेली असतात. याला खेळ म्हणत नाहीत. काय करायचं आणि कधी थांबायचं हे मुलाने ठरवलं, तर तो खेळ.

सगळ्यात महागात पडते ती लिहिण्याची घाई. साडेतीन वर्षांचं मूल पेन्सिल मुठीत धरतं, खांद्यातून जोर लावतं आणि कागद फाटतो. मग बाई हात धरून ‘अ’ गिरवून घेतात. अहो, बोटंच तयार नाहीत! आधी कणीक मळू द्या, शेंगा सोलू द्या, ओला फडका पिळू द्या, चिंचोके चिमटीत धरून बाटलीत टाकू द्या. भिंतीवरच्या फळ्यावर खडूने मोठमोठे गोल काढले की खांदा आणि मनगट दोन्ही मोकळे होतात. पालक ‘वही कोरीच कशी?’ विचारणारच. त्यांना मुलाची चित्रं द्या आणि प्रत्येक चित्रामागे तारीख टाकून मूल त्याबद्दल काय बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहा. दोन-तीन महिन्यांची चित्रं शेजारी ठेवली की फारसं समजवावं लागत नाही.

दुसरी खोड म्हणजे खेळात मध्येच परीक्षा घेणं. मुलगी भातुकलीत वाळूचा चहा ओतत असते. बाई विचारतात, ‘कप किती? रंग कोणता?’ ती उत्तर देते आणि उठून जाते. त्याऐवजी पाहुणे होऊन बसा आणि ‘मला बिनसाखरेचा हं’ म्हणा. आता कोणाला साखर, कोणाला नको, कप पुरतात का, हा हिशोब तिचा तीच करते.

२०२२ च्या पायाभूत स्तराच्या, म्हणजे तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीच्या, राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात पंचकोशाचा, म्हणजे शरीर, प्राण, मन, बुद्धी आणि आनंद अशा पाच अंगांनी मुलाची वाढ बघण्याचा, विचार आला. लगेच काही ठिकाणी सोमवारी शारीरिक, मंगळवारी भावनिक असं वेळापत्रक लागलं. वरच्या त्या चहात बोटं, भाषा, गणित, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, सगळंच आलं की! वार कशाला वाटायचे?

साहित्य महागच हवं, हाही गैरसमज. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत आणि पुढे जवळच्या कोसबाडला शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांवर बालवाड्या चालवल्या. मुलं येईनात तेव्हा त्या बालवाडीच पाड्यावर, अंगणात घेऊन गेल्या. मात्र जे असेल ते एकदम ओतू नका. कपाट रिकामं केलं की फेकाफेक सुरू होते. थोड्याच वस्तू मांडा, अधूनमधून बदला. भांडणं एकाच गाडीवरून होत असतील तर तशाच दोन ठेवा.

मूल कोपऱ्यातच उभं राहत असेल तर ओढून आणू नका. काही मुलं आधी बरेच दिवस नुसतं बघतात. त्याच्याजवळ बसून तुम्हीच काहीतरी करत राहा. पण हाक मारूनही ते वळून बघत नसेल, तर ‘लाजाळू आहे’ म्हणून सोडून देऊ नका. घरी बोला आणि डॉक्टरांकडून कान तपासून घ्यायला सांगा.