ढोलाशेजारी व्हायोलिन बसवताना या चुका टाळा

गणेशोत्सव असो, पाडवा पहाट असो की कॉलेजचं स्नेहसंमेलन, नाशिकमध्ये हल्ली कुणीतरी येऊन सांगतंच, "गाणी आपलीच, मराठी, पण मागे वीस-पंचवीस जणांचा वाद्यवृंद हवा." कल्पना चांगली आहे. मी स्वतः हेच काम करतो आणि मला ते मनापासून आवडतं. म्हणूनच एखाद्या चांगल्या गाण्याचा श्वास व्हायोलिन आणि ट्रम्पेटखाली कोंडताना पाहिला की राग येतो. चुका दर वेळी त्याच असतात. बहुतेकींचं मूळही एकच असतं: ठेका आणि पट्टी गाण्याची असते, हे विसरून आधी स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं नोटेशन, लिहिला जातो आणि मग गाणं त्यात बसवलं जातं.

रूपकच्या समेवर आपटणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते. कितीतरी भावगीतं रूपक या सात मात्रांच्या तालात आहेत. सात मात्रा दिसल्या की नवा अ‍ॅरेंजर सॉफ्टवेअरमध्ये ७/४, म्हणजे सात मात्रांचा बार (पाश्चात्त्य आवर्तन), टाकतो आणि प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेवर बास, ट्रॉम्बोन आणि सिंबल एकत्र ठोकतो. बारची पहिली मात्रा जड असते, असं त्याला शिकवलेलं असतं. पाश्चात्त्य पद्धतीत ते खरंही आहे. पण रूपकची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, 'खाली'ची असते: तिथं टाळी नसते, हात नुसता हलवायचा. ती ती ना, धी ना, धी ना. टाळ्या चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. पहिल्या तीन मात्रांत डग्गा गप्प असतो आणि चौथीला बोलतो. त्या हलक्या जागेत गायकाचा शब्द अलगद उतरतो, आणि त्या तालाची सगळी गोडी तिथंच आहे. तिथं तुम्ही ट्रॉम्बोन मारलात की शब्द मेला.

एका तालमीत एक वयस्कर तबलजी बराच वेळ हे सहन करत बसले होते. शेवटी त्यांनी हात थांबवला आणि तरुण कंडक्टरला शांतपणे म्हणाले, "सर, समेवर एवढं आपटू नका. तिथं खाली आहे. तुम्ही चौथीला या, मी तुम्हाला तिथं भेटतो." त्या मुलानं ऐकलं नाही. "स्कोअरमध्ये तसंच लिहिलंय" म्हणाला. कार्यक्रमात गायिकेनं पहिल्या अंतऱ्यातच मात्रा सोडली आणि तो दोष तिच्या माथी आला.

रूपक देताना मी पहिली मात्रा नुसत्या मनगटानं देतो, कोपर हलवत नाही. हात खाली येतो तो चौथीला, त्याहून थोडा कमी सहावीला. ब्रासला, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनसारख्या पितळी वाद्यांना, लिहायचंच असेल तर चौथीवर लिहितो. आणि माझा एक नियम आहे, त्यात सूट नाही: ज्याला ठेक्याचे बोल तोंडानं म्हणत हातानं टाळी-खाली देता येत नाही, त्यानं ते गाणं लिहायला घेऊ नये. दोन-चार दिवस लागतील, लागू देत. तेवढा धीर नसलेली माणसं तयार 'लूप', म्हणजे पुन्हापुन्हा फिरणारा ध्वनिमुद्रित ठेका, लावतात आणि त्यावर व्हायोलिन अंथरतात. ऐकणाऱ्याला ते पहिल्या आवर्तनातच कळतं.

ढोल सभागृहाच्या मागे उभे करणं

नाशिक ढोल हे आपल्या गावाचं नाव बाहेर नेणारं वाद्य आहे. ते वाद्यवृंदात आणावं, जरूर आणावं. पण बहुतेक जण ते आणतात देखाव्यासाठी: गाणं शिगेला पोचलं की मागचं दार उघडायचं आणि तीस-चाळीस जणांचं पथक वाजवत आत घ्यायचं.

असाच एक कार्यक्रम मी तालमीपासून पाहिला. मंचावर व्हायोलिन, चेलो, बासरी आणि चार जणांचं ब्रास. पथक शेवटच्या रांगेमागे, मंचापासून साधारण २५ मीटरवर. लय मिनिटाला १२० मात्रांची. कंडक्टर हुशार मुलगा, हात स्वच्छ. पथक आत आलं आणि सोळा-वीस मात्रांत सगळा डोलारा मागे ओढला जाऊ लागला. त्यानं हात मोठे केले. मग आणखी मोठे. लय आणखी पडली. शेवटी तो ओरडून मात्रा मोजू लागला, आणि ढोलांपुढे ते कुणाला ऐकू जाणार?

पथकाची काही चूक नव्हती. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. २५ मीटरला त्याला सेकंदाचा साधारण चौदावा भाग लागतो. मागचा ताशा मंचावरचा आवाज ऐकून वाजवतो, म्हणजे तेवढा उशिरा. त्याचा आवाज मंचावर परत येईपर्यंत उशीर दुप्पट, सेकंदाचा सातवा भाग. त्या लयीत पाव मात्रा म्हणजे सेकंदाचा आठवा भाग. म्हणजे जाऊन-येऊन पाव मात्रेहून जास्त फरक. मंचावरचे वादक त्या ढोलांशी जुळवायला थोडं थांबतात, मागचे त्यांच्यासाठी आणखी थांबतात, आणि दोन्हीकडून लय घसरत राहते. हात कितीही मोठा केला तरी हे सुटत नाही.

दुसरी गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती. पथकात ढोलवाले कंडक्टरकडे बघत नाहीत, ताशाकडे बघतात. सुरू करण्याची उचल ताशा देतो, थांबवण्याची तोड ताशा देतो. त्या दिवशी मधल्या सुट्टीत ताशावाला मुलगा पुढे येऊन म्हणाला, "सर, तुमचा हात बघू की तुमचा आवाज ऐकू? दोन्ही वेगळं येतंय." इतका नेमका प्रश्न मी संगीत शिकलेल्या माणसांकडूनही फार वेळा ऐकलेला नाही.

तोडगा निघाला तो असा. मुख्य ताशा आणि चार ढोल मंचाच्या पायथ्याशी, कंडक्टरच्या डाव्या हाताला आणले. लयीचं सगळं काम त्यांच्याकडे. बाकीचं पथक मागेच ठेवलं, पण ते वाजवेल तेव्हा वाद्यवृंदानं फक्त एक लांब कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे काही सूर, धरून ठेवायची, लयीचं काहीही वाजवायचं नाही. मग मागचा ढोल पाव मात्रा उशिरा आला काय आणि अर्धी आला काय, भांडण करायला समोर कुणी उरतच नाही. पथक थांबलं की पायथ्याचा ताशा उचल देतो आणि वाद्यवृंद पुन्हा लयीत शिरतो. मी तेव्हापासून ढोल असेच लिहितो. आणि तालमीला पहिला माणूस बोलावतो तो ताशावाला, कॉन्सर्टमास्टर, म्हणजे व्हायोलिनचा मुख्य वादक, नंतर.

ढोलांचा आवाज कमी करायला त्यांच्या पानावर, म्हणजे वाजवायच्या तोंडावर, कापड टाकण्याचा उद्योग कृपा करून करू नका. आवाज जास्त वाटतो तर ढोल कमी घ्या.

रागात नसलेला सूर कॉर्डमधून आणणं

मालकंस रागात रिषभ (रे) नाही, पंचम (प) नाही. तरी गिटारवाला सवयीनं सा-प धरतो आणि कीबोर्डवाला त्याला साथ देतो. पंचम वाजला की मालकंस संपला, मग वर गायक कितीही चांगला असो. सा-म धरा. भूप रागावर बेतलेल्या गाण्यात मध्यमावरची (म) कॉर्ड टाकली की तेच होतं, कारण भूपात मध्यम नाही आणि निषादही नाही. हार्मनी नकोच असं माझं म्हणणं नाही. गोव्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत मोठा वाद्यवृंद उभा करून रागांवरच्या रचना सादर केल्या. ते आधी राग शिकले होते. हा क्रम महत्त्वाचा.

गायकाची ओळ व्हायोलिनना देणं

आठ व्हायोलिन गायिकेबरोबर तीच ओळ वाजवतात. गायिका एक मींड घेते, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाते, आठ जण आपापल्या अंदाजाच्या आठ मींडी घेतात आणि सुरांचा चिखल होतो. गायिका गात असताना तारांनी, म्हणजे व्हायोलिन-चेलोवाल्यांनी, एक सूर धरावा. तिनं श्वास घेतला की उत्तर द्यावं. ओळ द्यायचीच झाली तर एकाच व्हायोलिनला द्या, आणि तेही अशा माणसाला, ज्यानं ते गाणं गुणगुणलेलं आहे.

पट्टीचा विचार शेवटी करणं

गायिका काळी चारमध्ये, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी सा धरून, गाते. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा पांढरी पाच, दोन, सहा आणि तीन. काळी चारचा सा, म किंवा प यांतला एकही सूर मोकळ्या तारेवर येत नाही, म्हणून तारा कोरड्या वाजतात आणि जलद तुकडे फसतात. यावर गायिकेला "अर्धा सूर खाली ये ना" म्हणणारा कंडक्टर मला आवडत नाही. तिचा गळा तिथं फुलतो म्हणून ती तिथं गाते. तारांचे तुकडे सोपे करा, जलद काम बासरीला किंवा क्लॅरिनेटला द्या.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

सॉफ्टवेअरमध्ये ऐकून स्कोअर पक्का करू नका. तिथं बासरीचा मंद्र सप्तकही ट्रॉम्बोनच्या वर ऐकू येतो, मंचावर तो कुणालाही ऐकू येणार नाही.

बी फ्लॅट ट्रम्पेटचा पार्ट एक पूर्ण सूर वर लिहायचा असतो. हे अजूनही विसरलं जातं आणि तालमीचा पहिला तास त्यात जातो.

तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा, पूर्ण होईपर्यंत सिंबलनं थांबावं.

लग्नाच्या बँडमधले क्लॅरिनेटवाले कानानं वाजवतात. त्यांना आदल्या रात्री नोटेशनचा कागद देणं हा त्यांचा अपमान आहे. त्यांची ओळ सरगममध्ये गाऊन आठवडाभर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. ते पाठ करून येतात आणि कागदवाल्यांपेक्षा कमी चुकतात.

सगळ्यांच्या कानात क्लिक, म्हणजे लय दाखवणारी यंत्राची टकटक, घालून मोकळं होऊ नका. अंतऱ्यावरून मुखड्याकडे येताना ढोलकी किंचित पुढे झेपावते, आणि ती झेपच लोकांना टाळी वाजवायला लावते. क्लिकवर ती मरते. ज्यांना तालीम टाळायची असते, त्यांना क्लिक फार आवडतो.

कार्यक्रमाचा क्रम लावताना पहिल्याच गाण्यात सगळं उधळू नका. आर्थर फीडलर यांनी १९३० ते १९७९ बोस्टन पॉप्स हा अमेरिकेतला वाद्यवृंद चालवला. त्यांच्याकडे आधी हलक्या शास्त्रीय रचना, मधे एकल वादक आणि शेवटी लोकप्रिय गाणी असत. आपल्याकडेही हे चालतं. ढोल तिसऱ्या भागात.

आणि गोदाकाठच्या पहाटेच्या कार्यक्रमाविषयी. दिवाळीत तिथं पाच वाजता थंडी असते. थंड हवेत ब्रास आणि बासरीचा सूर उतरतो, तारांचा मात्र चढतो, म्हणजे हॉलमध्ये जुळवलेला वाद्यवृंद दोन दिशांना फाटतो. ब्रासवाल्यांना वाजवण्याआधी पाच मिनिटं वाद्यात नुसती ऊब फुंकत ठेवायला सांगा, तारा तिथं पोचून अर्ध्या तासानं जुळवा. मोबाइलवरच्या ट्यूनरचं ४४० हर्ट्झचं माप बाजूला ठेवा. हार्मोनियमला आयत्या वेळी जुळवता येत नाही, म्हणून सगळ्यांनी तिच्याशी जुळवून घ्यायचं, आणि दोन गाणी झाली की पुन्हा एकदा.