परदेशी सर्जिकल फेलोशिप: आधी नोंदणी, मग शिष्यवृत्ती

शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला घेण्याआधी ज्या विभागात जायचंय तिथल्या कन्सल्टंटला मेल टाका आणि एकच गोष्ट विचारा: स्क्रब होऊन (हात धुऊन, गाऊन घालून) स्वतः ऑपरेशन करायला मिळेल, की फक्त बघायचं? सर्टिफिकेटवर दोन्हीकडे फेलोशिपच छापलेलं असतं. पण वर्षभर दुसऱ्याच्या खांद्यावरून डोकावून हात तयार होत नाही. आणि केस हातात मिळणार की नाही, हे शिष्यवृत्तीच्या रकमेवर नाही, त्या देशातल्या नोंदणीवर ठरतं.

फुलब्राइट-नेहरूमध्ये रुग्णाला हात लावायची मुभाच नाही. संशोधनासाठी ती उत्तम. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सची इंटरनॅशनल गेस्ट स्कॉलरशिप नावाजलेली, पण तिच्यात मोठ्या केंद्रांना भेटी आणि अधिवेशन एवढंच. हाताला काम हवं असेल तर एमएस झालेल्याला त्यातल्या त्यात सरळ वाट ब्रिटनची, म्हणजे मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह (एमटीआय). रॉयल कॉलेज स्पॉन्सर करतं, प्लॅब (परदेशी डॉक्टरांसाठीची परीक्षा) न देता तिथल्या जनरल मेडिकल काउन्सिलची (जीएमसी) नोंदणी मिळते आणि एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, रुग्णालयात जास्तीत जास्त २४ महिने काम करता येतं. मुदत संपली की परतायचं. पुढचं सगळं याच वाटेबद्दल.

पैशांचं आधी पाहू. एमटीआयच्या बहुतेक जागांवर पगार तिथलं रुग्णालयच देतं, त्यामुळे खरी ओढाताण निघण्यापूर्वी होते. जीएमसीची फी, इंग्रजीची परीक्षा, व्हिसा, तिकीट आणि त्यावर व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार: २०२४ पासूनच्या दराने प्रौढ माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड, तोही पूर्ण मुदतीचा आगाऊ. दोन वर्षांसाठी नवरा-बायको दोघं जाणार असाल तर नुसत्या याच रकमेचा आकडा ४,१४० पौंड होतो. जे. एन. टाटा एंडोमेंटची मदत इथे उपयोगी पडते, पण ती ‘लोन स्कॉलरशिप’ आहे, परत फेडायची, हे घरच्यांना आधीच सांगा. (१८९२ मध्ये हे एंडोमेंट सुरू झालं तेव्हाच्या पहिल्या दोघी मानकरी डॉक्टरच होत्या: फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर.) राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती विद्यापीठाच्या पदवीसाठी आहे, रुग्णालयातली फेलोशिप त्यात धरू नका. सरकारी नोकरीत असाल तर अध्ययन रजा आणि ना हरकत प्रमाणपत्राची फाइल सर्वात आधी हलवा. रजेसोबत बाँड येतो, त्याची रक्कम आणि मुदत वाचूनच सही करा.

अर्ज अडकतात ते बहुधा नावावर. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर एमबीबीएस एका नावाने आणि एमएस दुसऱ्या. पदव्यांची पडताळणी ‘एपिक’ या ऑनलाइन सेवेमार्फत थेट विद्यापीठाकडून होते, आणि तिथे नाव जुळलं नाही की फाइल थांबते. राजपत्रातली नोंद, विवाह प्रमाणपत्र आणि प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच जोडा.

इंग्रजीसाठी आयईएल्ट्स अकॅडमिकमध्ये एकूण ७.५ आणि चारही भागांत किमान ७ हवेत, तेही एकाच बैठकीत. किंवा ओईटीत (आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजी परीक्षा) प्रत्येक भागात बी. आयईएल्ट्सच्या रायटिंगमध्ये अर्ध्या गुणाने हुकलेले डॉक्टर पुष्कळ. ओईटीत रेफरल लेटर लिहायचं असतं, ते आपल्या रोजच्या कामातलं. मात्र तयारीसाठी नोकरी सोडून घरी बसू नका. गेल्या पाच वर्षांपैकी तीन वर्षं आणि शेवटचे सलग १२ महिने प्रॅक्टिस हवी, अशी अट आहे.

महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलचं (एमएमसी) गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे नोंदणी निर्वेध असल्याचा दाखला, सगळ्यात शेवटी काढा. ते तीनच महिने चालतं. हौसेने आधी काढून ठेवलेलं बाद होतं. टीबी तपासणीच्या दाखल्याची मुदत सहा महिने. एमएमसीची पाच वर्षांची नोंदणी मुक्कामात संपणार असेल तर नूतनीकरणाला लागणाऱ्या क्रेडिट पॉइंट्सचा हिशेब निघण्यापूर्वीच पुरा करा.

लॉगबुक, म्हणजे केलेल्या ऑपरेशनांची नोंदवही, मात्र आजच सुरू करा, आणि तिथल्या पद्धतीने. नुसतं ‘लॅप कोली ४०’ (दुर्बिणीतून पित्ताशय काढायची ४० ऑपरेशनं) लिहून कुणाला काही कळत नाही. प्रत्येक केससमोर तुमची भूमिका हवी: असिस्ट केलं, सीनियर स्क्रब असताना केलं, सीनियर ओटीत होते पण स्क्रब नव्हते, की स्वतंत्रपणे केलं. रुग्णाचं नाव नको. पानोपानी युनिट हेडची सही घ्या. मुलाखतीत ‘कॅलोज् ट्रँगल (पित्ताशयाजवळचा त्रिकोणी भाग) चिकटलेला असेल तर काय कराल?’ असा प्रश्न हमखास येतो, आणि उत्तर लॉगबुकशी जुळतंय का हे पाहिलं जातं.

हिपॅटायटिस बीकडे दुर्लक्ष होतं आणि पहिले काही आठवडे त्यात वाया जातात. सर्जनला ऑपरेशनची परवानगी मिळण्याआधी तिथला ऑक्युपेशनल हेल्थ विभाग हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची तपासणी करतो, तीही ओळखपत्र पाहून घेतलेल्या नमुन्यावर. आपल्या लॅबच्या रिपोर्टवर भागत नाही. लस घेतली नसेल तर ०, १ आणि ६ महिन्यांचा कोर्स आत्ताच सुरू करा आणि शेवटच्या डोसनंतर महिन्या-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर (लस लागू पडली का ते दाखवणारी रक्तचाचणी) करा. तो १० च्या खाली आला तर पुढची धावपळ इथेच उरकता येते.

तिथे गेल्यावर सवयी बदलायला लागतात त्या संमतीच्या बाबतीत. आपल्याकडे मुलगा किंवा नवरा फॉर्मवर सही करतो. तिथे शुद्धीवरच्या, निर्णय घेऊ शकणाऱ्या प्रौढ रुग्णाच्या वतीने नातेवाइकाची सही चालत नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या माँटगोमेरी निकालानंतर त्या विशिष्ट रुग्णाला महत्त्वाचा वाटेल असा प्रत्येक धोका सांगावा लागतो. गायकाला थायरॉइडच्या ऑपरेशनआधी आवाज बसण्याबद्दल किती तपशिलात सांगाल, याचा विचार करा. नोट्समध्ये काय सांगितलं ते शब्दांत उतरवा. रुग्णालयाचं विमासंरक्षण असलं तरी जीएमसीपुढच्या चौकशीत वकील पुरवणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व वेगळं घ्या.

पहिल्या महिन्यात केस मागू नका, ऑन-कॉल नीट करा. रात्री फोन केव्हा करायचा याचा अंदाज कन्सल्टंटला आला की लिस्टवर नाव आपोआप वर सरकतं. तीन महिने झाले तरी असिस्टच चालू असेल तर लॉगबुक घेऊन एज्युकेशनल सुपरवायझरसमोर बसा आणि पुढच्या तीन महिन्यांत किती केसेस, कोणत्या, हे लिहून घ्या.

आणि जे शिकाल ते परतल्यावर कोणत्या उपकरणांवर करणार, हे आधी पाहा. गावच्या रुग्णालयात रोबो नसताना दोन वर्षं रोबोटिक कोलोरेक्टलमध्ये (मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनांत) घालवण्यापेक्षा लॅप्रोस्कोपिक स्युचरिंग (दुर्बिणीतून टाके घालणं) आणि हर्नियात हात बसलेला बरा. तिथून निघण्याच्या आठवड्यात लॉगबुकच्या एकत्रित तक्त्यावर सही आणि रेफरन्स लेटर हातात घेऊनच निघा. नंतर मेलवर ते येत नाही. पाटीवर नावापुढे फेलोशिपची नवीन अक्षरं रंगवण्याआधी एमएमसीकडून ती चालतात का ते लेखी विचारा.