दुखापतीनंतरचा बेंच प्रेस: पावसाळ्यातले सोळा आठवडे

खांद्याची किंवा छातीची दुखापत सावरली आहे, फिजिओने वजन धरायला हरकत नाही म्हणून सांगितलंय आणि पुढची स्पर्धा चार-पाच महिने लांब आहे, अशा पॉवरलिफ्टरसाठी (स्क्वाट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट यांत जास्तीत जास्त वजन उचलणाऱ्यासाठी) हे लिहिलंय. बेंच प्रेस म्हणजे बाकावर उताणं झोपून बार छातीपर्यंत आणायचा आणि परत वर ढकलायचा. कोकणात जून ते सप्टेंबर हा काळ यासाठी चांगला. आंब्याच्या पेट्या उचलण्याचे दिवस संपलेले असतात आणि घाईने कुठल्या मंचावर जायचं नसतं. शेतीवाडी असेल तर लावणीचे आठ-दहा दिवस मात्र व्यायामाच्या हिशेबात धरा. दिवसभर वाकून संध्याकाळी बेंचवर पाठीची कमान करायला गेलात तर कंबर आधी तक्रार करते. त्या दिवसांत आठवड्याला एकच वेळ बेंच मारा.

सगळ्या कार्यक्रमाचा कणा एकच आहे. बार किती खोल येतो, छातीवर किती वेळ थांबतो, पकड किती रुंद आहे आणि वजन किती, या चार गोष्टींपैकी एका वेळी एकच अवघड करायची. परत आलेले बहुतेक लिफ्टर पहिल्याच आठवड्यात जुनी रुंद पकड, पूर्ण खोली आणि निम्म्याहून जास्त वजन असं सगळं एकदम सुरू करतात. मग दुखलं की कशामुळे दुखलं हे कळायला मार्ग राहत नाही.

सुरू करण्याआधी

खांद्याच्या पुढच्या बाजूची दुखरी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), खांद्याच्या टोकावरच्या छोट्या सांध्याचं दुखणं, छातीच्या स्नायूचा ताण, एवढ्यांसाठी हा कार्यक्रम आहे. बार खाली येताना फाटल्यासारखा आवाज झाला असेल, काखेपासून दंडापर्यंत काळंनिळं पडलं असेल, काखेकडची छातीची कड आत गेल्यासारखी दिसत असेल तर स्नायू तुटलेला असू शकतो. अशा वेळी तेल चोळत घरी बसू नका, त्याच आठवड्यात ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. शस्त्रक्रिया लागणार असेल तर ती पहिल्या काही आठवड्यांत झालेली बरी, कारण पुढे स्नायू आखडून मागे सरकतो. शस्त्रक्रियेनंतर जड बेंचला साधारण सहा महिने तरी लागतात आणि तारीख सर्जनच ठरवतात.

हात डोक्यावर सरळ नेता येतो, सावकाश १५ पुशअप होतात आणि रात्री त्या कुशीवर झोपता येतं, या तिन्ही गोष्टी जमत असतील तर सुरुवात करा.

दुखण्याला शून्य ते दहा आकडा द्या. व्यायाम करताना दोनपर्यंत चालेल. तीन आलं तर त्या दिवशी वजन वाढवायचं नाही, चार आलं तर सेट (न थांबता केलेल्या उचलींचा एक फेरा) तिथेच थांबवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आकडा द्या, तोच जास्त महत्त्वाचा. कंडरेचं दुखणं उशिरा बोलतं: संध्याकाळी छान वाटलेला खांदा सकाळी शर्ट चढवताना ठणकतो. सकाळचा आकडा आदल्या दिवसापेक्षा वर गेला असेल तर पुढच्या वेळी मागच्या आठवड्याचं वजन घ्या, पण बेंच पूर्ण बंद करू नका. सलग दोनदा असं झालं तर फिजिओकडे जा. वेदनाशामक गोळी घेऊन बेंच मारायचा नाही, त्याने हा आकडाच खोटा होतो.

खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यायचा विचार असेल तर तुम्ही स्पर्धक आहात हे डॉक्टरांना आधी सांगा. १ जानेवारी २०२२ पासून वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) नियमांनुसार स्पर्धेच्या काळात अशी इंजेक्शनं, ती सांध्यात दिलेली असली तरी, प्रतिबंधित आहेत आणि औषध शरीरातून जायला वेळ लागतो.

बार, बेंच आणि दमट हवा

गावातल्या जिममधला बार २० किलोचाच असेल असं धरून चालू नका. किराणा दुकानाच्या नाहीतर रद्दीवाल्याच्या काट्यावर एकदा वजन करून घ्या. १६ किलोचा बारही सर्रास सापडतो. वाढ अडीच-पाच किलोने करायची असताना चार किलोची चूक परवडत नाही. सव्वा किलोच्या दोन प्लेट स्वतःच्या पिशवीत ठेवा.

स्पर्धेच्या बारवर ८१ सेंटिमीटर अंतरावर खुणा असतात आणि तर्जनी त्याच्या बाहेर नेता येत नाही. साध्या बारवर त्या खुणा नसतात किंवा भलत्याच जागी असतात. टेपने मोजून इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावा. पुढे पकड बोटाबोटाने रुंद करायची आहे, तिला ही खूण लागणारच.

समुद्राकाठी बारच्या खरबरीत भागात गंज आणि घाम बसून पकड गुळगुळीत होते. आठवड्यातून एकदा नायलॉनच्या ब्रशने घासा, मशीन ऑइलचं बोट फिरवा आणि कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून काढा. खोबरेल तेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. मॅग्नेशियमची चॉक पावडर झाकण घट्ट बसणाऱ्या बरणीत ठेवा, उघडी राहिली तर दोन दिवसांत ढेकळं होतात. बेंचचं रेक्झिन ओलसर असलं की पाठ डोक्याकडे सरकते, जवळ आणलेले खांद्याचे पाते सुटतात आणि तळाशी सगळा भार खांद्याच्या पुढच्या बाजूवर येतो. दुखऱ्या खांद्याला हीच गोष्ट सोसत नाही. प्रत्येक सेटआधी बेंच पुसा, सुती टी-शर्ट घाला, तरी सरकत असेल तर पाठीखाली रबरी मॅटचा पट्टा टाका.

पावसाळ्यात लाईट कधीही जाते. एकट्याने बेंच मारत असाल तर बाजूला बार अडवणाऱ्या सेफ्टी दांड्या आडव्या लावलेल्या हव्यात, नाहीतर जोडीदार हवाच.

सोळा आठवडे

दुखापतीआधी १२० किलो मारणाऱ्याचं उदाहरण घेऊ. तुमचे आकडे त्याच प्रमाणात बसवा. बेंच आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस मोकळे. खाली दिलेली वजनं पहिल्या दिवसाची. दुसऱ्या दिवशी डंबेल, तळवे एकमेकांकडे ठेवून, १० रेपचे (एक रेप म्हणजे एकदा खाली-वर) ३ सेट, तीन रेप शिल्लक राहतील एवढ्या वजनाने.

पहिले तीन आठवडे बेंचवर झोपायचंच नाही, फ्लोअर प्रेस करायचा. जमिनीवर कोपर टेकलं की दंड धडाच्या मागे जात नाही आणि खांद्यावर सर्वात जास्त ताण येतो तो तळाचा भाग आपोआप गाळला जातो. ८ रेपचे ४ सेट, वजन ४०, ५०, ५५ किलो. खाली यायला तीन सेकंद. कोपर जमिनीवर आपटू द्यायचं नाही, अलगद टेकवून एक क्षण थांबायचं आणि मग ढकलायचं. फरशीवर जुनी चटई घाला.

चौथ्या आठवड्यात बेंचवर या, पण छातीवर फळ्या ठेवून. सुताराकडून फणसाच्या किंवा सागाच्या फळीचे दोन तुकडे कापून घ्या: वीतभर रुंद, हातभर लांब, प्रत्येकी साधारण चार सेंटिमीटर जाड. कडा घासून घ्यायला सांगा. जोडीदार धरेल, नाहीतर सायकलच्या ट्यूबने छातीला बांधा. बार फळीवर ठेवायचा, त्यावर टाकायचा नाही. ६ रेपचे ४ सेट:

चौथा आठवडा: दोन फळ्या, ५५ किलो, सेट निम्मे
पाचवा: दोन फळ्या, ६२.५ किलो
सहावा: एक फळी, ६० किलो
सातवा: एक फळी, ६५ किलो
आठवा: थेट छातीवर, ६० किलो, सेट निम्मे

खोली वाढते तेव्हा वजन मागे येतं, हे पाहा. चौथा, आठवा आणि बारावा आठवडा हलका आहे आणि मोठे बदल त्याच आठवड्यांत येतात, म्हणजे नवीन ताण आणि जास्त काम एकाच वेळी अंगावर पडत नाही. या काळात पकड अरुंद ठेवा, करंगळी ८१च्या खुणेच्या दोन बोटं आत.

नववा ते अकरावा आठवडा छातीवर एक पूर्ण सेकंद थांबून ५ रेपचे ५ सेट: ६५, ७०, ७५ किलो. पकड तीच. बाराव्यात पकड दोन्ही बाजूंना एकेक बोट रुंद करा, ७० किलो, सेट निम्मे. तेराव्यात त्याच पकडीने ८० किलो. यापुढे दर दोन आठवड्यांनी एक बोट, आणि जुन्या रुंदीला पोचलंच पाहिजे असं नाही. २०२३ पासून आयपीएफच्या (आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या) नियमात तळाशी कोपराचा खालचा भाग खांद्याच्या सांध्याच्या वरच्या पातळीपर्यंत किंवा त्याखाली यावा लागतो. अतिरुंद पकड आणि उंच कमान करून बार कमी चालवण्याचा जुना फायदा त्याने बराच कमी झालाय. खांदा कुरकुरत असेल तर दोन बोटं आतली पकड कायम ठेवणं हा चांगला सौदा आहे.

चौदाव्यात ४ रेपचे ४ सेट ८५ किलोने, पंधराव्यात ३ रेपचे ४ सेट ९० किलोने.

प्रत्येक रेपमध्ये काय पाहायचं

रॅकचे हुक खूप उंच असले की बार काढतानाच खांदे वर ओढले जातात आणि पाठीची बांधणी मोडते. हात जवळजवळ सरळ असताना दोन-तीन सेंटिमीटर उचलून बार बाहेर यावा. त्यापेक्षा जास्त उचलावा लागत असेल तर हुक एक घर वर घ्या. जोडीदार बार देत असेल तर त्याने तो वर उचलून न देता पुढे सरकवून द्यावा.

खांद्याचे पाते आधी खाली, मग जवळ. बार तळहाताच्या टाचेवर, मनगट सरळ, अंगठा बारभोवती. कोपर धडापासून साधारण ४५ ते ६० अंशांवर. ९० अंशांवर कोपर उघडले की दंडाचं हाड खांद्यात पुढे दाबलं जातं. बार स्तनाग्रांच्या किंचित खाली टेकतो. जोडीदाराला बाजूने मोबाईलवर चित्रण करायला सांगा आणि एकच पाहा: बार तळाशी असताना मनगटाच्या बरोबर खाली कोपर आहे का. कोपर पायांकडे सरकलं असेल तर बार जास्त वर टेकतोय, डोक्याकडे असेल तर जास्त खाली.

वॉर्मअप: सायकलची ट्यूब खांबाला बांधून कोपर कुशीला चिकटवून हात बाहेर फिरवणं, १५ चे २ सेट. तीच ट्यूब तोंडाकडे ओढणं, १५ चे २ सेट. मग रिकामा बार १० रेप दोनदा, आणि त्यानंतर वजन चढवत जा. ओढण्याच्या व्यायामाचे सेट पहिले आठ आठवडे ढकलण्याच्या दुप्पट ठेवा: एका हाताचं डंबेल रो, छाती टेकवून केलेलं रो. खोल डिप्स, हात पूर्ण उघडणारं डंबेल फ्लाय आणि मानेमागचा प्रेस या चार महिन्यांत नको.

बेंचबाहेरचं बेंच बिघडवणारं

खांदा बरा होत नाही म्हणून बेंचला दोष देणाऱ्यांनी स्क्वाट (बार पाठीवर घेऊन उठाबशा) तपासावा. लो-बार स्क्वाटमध्ये बार पाठीवर खाली धरताना खांदा मागे आणि बाहेर वळलेला असतो, तोही वजनाखाली, सेटमागून सेट. दुखऱ्या खांद्याला हा ताण बेंचइतकाच जड जातो. पहिले आठ आठवडे बार मानेच्या बुडाशी, उंच ठेवा, हात रुंद धरा, आणि बेंचच्या आदल्या दिवशी स्क्वाट ठेवू नका. जाळी फेकणं, माडावर चढणं, चिरे उचलणं हे ज्यांचं रोजचं काम आहे त्यांनी तोही खांद्यावरचा भारच समजावा. तसा दिवस गेला असेल तर त्या संध्याकाळी डंबेलचा हलका दिवस घ्या.

खाण्यात प्रथिनं शरीराच्या प्रत्येक किलोमागे १.६ ते २ ग्रॅम. जून-जुलैत मासेमारी बंद असते, ताजे मासे महाग होतात आणि श्रावणात अनेक घरांत मासे नसतातच, त्यामुळे नेमक्या या काळात प्रथिनं कमी पडतात. अंडी, दूध, दही, पनीर, कुळीथ यांचा हिशेब आधी बसवा. चालत असेल तर सुकट, सुके बोंबील. नुसती पिठी आणि उकड्या तांदळाचा भात यांवर आकडा गाठला जात नाही, पिठीत कुळथाचं पीठ थोडंच असतं.

सर्वात जास्त गडबड होते ती नवव्या-दहाव्या आठवड्यात. स्नायूंची ताकद लवकर परत येते, ७० किलो हातात हलकं लागतं आणि कुणीतरी म्हणतं, शंभर टाकून बघ. कंडरेला भार सोसण्याची सवय व्हायला स्नायूपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. दुसरी चूक थांब्याची: वजन वाढलं की एका सेकंदाचा थांबा पाव सेकंदाचा होतो आणि बार छातीवरून उसळवला जातो. छातीचा स्नायू बहुतेक वेळा याच तळाच्या जागी फाटतो. जोडीदाराने थांबा मोजून "प्रेस" म्हणावं आणि तोपर्यंत तुम्ही ढकलू नये.

सोळाव्या आठवड्यात एक रेप, १०० किलो, स्पर्धेच्या तिन्ही आज्ञांवर: स्टार्ट, प्रेस, रॅक. आणखी दोन रेप निघाले असते असं वाटायला हवं. तसं वाटलं आणि दुसऱ्या सकाळी खांद्याचा आकडा दोनच्या वर गेला नाही, तर त्या रेपवरून आजचं कमाल वजन साधारण १०७.५ किलो धरा आणि स्पर्धेच्या तयारीचे सगळे टक्के त्यावरच काढा, जुन्या १२० वर नाही. रेप अडखळला किंवा कुल्ले बेंचवरून उठले तर चौदावा आणि पंधरावा आठवडा पुन्हा करा आणि मग परत १०० घ्या.